मचाण वरून पाहू नका, खालून पाहा



गेल्या वैशाखातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावी आंब्याच्या बागेत फळमाशीचे सापळे लावून झाले होते. ऊन मी म्हणत होते. बागायतदार म्हणाले, "साहेब, जरा सावलीत बसा, वहिनी कोकम सरबत आणतायत." सावली होती ती त्यांच्या मचाणाखाली. घराच्या समुद्राकडच्या भिंतीला लागून, जोत्यापासून नऊ-दहा फूट उंच असे लाकडी मचाण त्यांनी सहा वर्षांपूर्वी बांधले आहे. घरी न्याहारी-निवास चालतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, संध्याकाळी मचाणावर बसून सूर्यास्त पाहतात. आंबा एखाद्या वर्षी दगा देतो, तेव्हा या पाहुण्यांवरच घर चालते.

मी पेटीवर टेकलो आणि सहज वर पाहिले. मचाणाची एक मोठी तुळई भिंतीला सहा बोल्टांनी जखडलेली होती. प्रत्येक बोल्टाखाली चुना लावलेल्या भिंतीवर तांबूस ओघळ उतरला होता. बोल्टांचे माथे मात्र हिरव्या रंगात चकचकीत. मी पान्हा मागितला, एका बोल्टाला लावला आणि हलकेच फिरवला. माथा सरळ माझ्या हातात आला. आतला दांडा शिसपेन्सिलीएवढाही उरला नव्हता.

बागायतदार म्हणाले, "साहेब, दर वर्षी मिरगाच्या आधी रंग देतो मी!" वहिनी सरबताचा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "काल रात्री वर नऊ माणसं होती हो. दोन लहान पोरं."

येथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी याच मचाणावर बसून मी चहा घेतला होता आणि "झकास काम केलंत" म्हणून शाबासकी दिली होती. पाण्याची सोय पाहिली, संडास पाहिला, कचऱ्याचा खड्डा पाहिला. मचाणाच्या खाली वाकून काही पाहिले नाही. ज्याच्यावर नऊ माणसे बसतात ते कशाने धरून ठेवले आहे, हे विचारायचे मला सुचले नाही. म्हणून हा लेख. दिवाळी तोंडावर आली आहे, पाहुणे आणि माहेरवाशिणी घरी येणार. ज्यांच्या घराला समुद्राकडे मचाण, लाकडी सज्जा, लोखंडी जिना किंवा गच्चीचा कठडा आहे, त्यांनी तो आधी वाचावा.

लोखंड खारट हवेत एवढे का गंजते?

लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी ही तिघे एकत्र आली की गंज होतो, हे आपण शाळेत शिकलो. समुद्राकाठी त्यांत चौथे मिसळते, ते मीठ. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि पाणी सुकले तरी मीठ लोखंडावर बसून राहते. मिठाच्या बरणीचे पावसाळ्यात काय होते, हे घरच्या बायकांना विचारा. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि पाझरू लागते. तेच लोखंडावर घडते. आपल्याला ते कोरडे दिसते, पण त्यावर खारट ओलीचा पातळ थर असतो. रात्रीचे दव पडले की तो आणखी वाढतो. साध्या पाण्यापेक्षा खारे पाणी गंजाचे काम फार झपाट्याने करते, आणि मिठातला क्लोराइड नावाचा घटक धातूवरचा संरक्षक पापुद्राही फोडतो.

लाटांच्या काठापासून पहिल्या काहीशे मीटरांत हा मारा सर्वांत जास्त असतो. उघड्या सड्यावर, वाऱ्याच्या तोंडी घर असेल तर त्याहून आतही तो पोहोचतो. खाडीकाठ आणि खाजणाजवळची घरेही यातून सुटत नाहीत.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. पावसात भिजणारे लोखंड जितके लवकर गंजते, त्याहून पावसापासून झाकलेले लोखंड किनाऱ्यावर अनेकदा जास्त गंजते. पाऊस मीठ धुऊन नेतो. मचाणाच्या वरच्या बाजूला चार महिने आंघोळ घडते. खालच्या बाजूला, सांध्यात, फळी आणि भिंत यांच्या फटीत तो पोहोचत नाही. तेथे मीठ वर्षानुवर्षे साचत जाते. म्हणूनच मचाण वरून ठणठणीत दिसते आणि खालून पोखरलेले असते.

आमच्या या बागायतदारांनी रंग दिला तो गंजावरच. जखम न धुता वर पट्टी बांधावी तसे ते झाले. शिवाय रंग लागला बोल्टाच्या माथ्याला, आणि बोल्ट झिजला भिंतीच्या आत. आपला जांभा दगड सच्छिद्र. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. त्यात शिरलेला दांडा पावसाळा संपला तरी ओलाच राहतो.

झीज थोडी, नुकसान मोठे

बोल्टाची ताकद त्याच्या जाडीच्या वर्गाने बदलते. १२ मिलिमीटरचा दांडा झिजून ९ मिलिमीटर झाला, तर पाव भाग गेला असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे धातूचे क्षेत्र ५६ टक्क्यांवर येते. ६ मिलिमीटर उरला, तर ताकद चौथाई राहते.

वजनाचाही हिशेब करा. घराच्या सज्जासाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरण्याची पद्धत आहे. १० फूट बाय १२ फुटांचे मचाण म्हणजे ११ चौरस मीटरांहून थोडे अधिक. त्याने ३३ क्विंटल तरी पेलले पाहिजेत. त्यातला निम्मा भार भिंतीकडच्या तुळईवर येतो. सहा बोल्ट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीन क्विंटल. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, आणि तेही तितकेच झिजलेले असतात. मग एकापाठोपाठ एक सगळे जातात. मोडताना "थांबा, मी मोडतोय" असे सांगायला लोखंडाला वेळ मिळत नाही.

माणसे नेहमी विखरून बसत नाहीत, हेही ध्यानात घ्या. गोव्यात कुडचडे-सावर्डे येथे नदीवर पोर्तुगीज काळातला गंजलेला लोखंडी पादचारी पूल होता. तो वापरासाठी बंद होता. १८ मे २०१७ रोजी नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध चालू असता, तो पाहायला लोक त्या पुलावर जमले आणि पूल कोसळला. लोक नदीत पडले, जीव गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली पडला आणि चौघे दगावले. तेथे तर समुद्रही नाही. आपल्या घरी विसर्जनाची मिरवणूक पाहायला, फटाके पाहायला, नाहीतर फोटो काढायला सगळे एकाच कठड्याकडे धावतात. ज्या दिवशी सर्वांत जास्त आनंद असतो, त्याच दिवशी मचाणावर सर्वांत जास्त भार असतो.

मोरचुदाची आठवण ठेवा

सुपारीच्या कोळेरोगावर आपण एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचूद लोखंडी बादलीत विरघळवू नका, प्लॅस्टिकची घ्या, असे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. मिश्रण नीट झाले की नाही हे पाहायला आपण त्यात कोयत्याचे पाते बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला असे समजतो. तो थर तांब्याचा असतो, आणि तांबे चढते तेव्हा कोयत्याचे लोखंड विरघळत असते.

लाकडाला वाळवी व बुरशी लागू नये म्हणून त्यात जी औषधे दाबाने भरतात, त्यांतल्या पुष्कळांत तांबे असते. अशा लाकडात साधा लोखंडी खिळा ठोकणे म्हणजे कोयता मोरचुदात ठेवून देण्यासारखे आहे. ओल आली की खिळा आतून संपतो. पातळ जस्ताचा खिळाही तेथे फार टिकत नाही. प्रक्रिया केलेले लाकूड घ्याल तेव्हा औषध कोणते, हे दुकानदाराला विचारा. ऐनासारख्या तुरट द्रव्य भरपूर असलेल्या लाकडातही लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई होते, तोच हा प्रकार.

दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. हा धडा इंग्रजांच्या आरमाराने पैसे मोजून घेतला. १७६१ साली त्यांनी अलार्म नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा मारला. १७६३ साली जहाज तपासले, तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद त्या ठिकाणी काढायचा राहून गेला होता! कागदाने दोन धातू वेगळे ठेवले, तेवढ्याने लोखंड वाचले. आपणही तेच करावे. वेगळे धातू जोडावेच लागले तर मध्ये रबराचे किंवा नायलॉनचे वायसर घालावे. मोठ्या स्टेनलेसच्या पट्टीला जस्ताचा लहान बोल्ट तर कधीच लावू नये. तो फार लवकर जातो.

बाजारात काय मागावे?

जी. आय. म्हणून मिळणारे सगळे सारखे नसते. चकचकीत निळसर किंवा पिवळसर खिळे आणि स्क्रू यांना जस्ताचा अगदी पातळ मुलामा असतो. ते घरातल्या कपाटाला ठीक, किनाऱ्यावरच्या मचाणाला नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला माल राखी, जरा खडबडीत दिसतो. पाच मिलिमीटर व त्याहून जाड लोखंडावर अशा मुलाम्याचे प्रमाण दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जाडी, असे भारतीय मानक आहे. पट्ट्या, अँगल व खांबांच्या बुडख्यांसाठी हा माल मागावा.

अँगलचे सर्व कापकाम, भोके आणि वेल्डिंग आधी पुरे करून मगच तो जस्तात बुडवायला पाठवावा. मुलामा दिलेल्या लोखंडावर वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळते आणि गंज तेथूनच सुरू होतो. शिवाय तो पांढरा धूर छातीत गेल्यास वेल्डरला ताप भरतो. चौकोनी पोकळ पाईप वापरलात, तर त्याचे तोंड बंद करून भागत नाही. आत ओल अडकली तर पाईप आतून सडतो. खाली पाणी निथळायला भोक ठेवावे.

बोल्ट आणि स्क्रू मात्र चांगल्या स्टेनलेसचेच घ्यावेत. यांत तीन जाती लक्षात ठेवा. २०२ जातीत निकेल कमी घालून मँगनीज वापरतात. हे स्वस्त स्टेनलेस किनाऱ्यावर लवकर तांबडे पडते. ३०४ त्याहून चांगले. ३१६ जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत तेच उत्तम. "लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल," असे दुकानदार सांगेल. त्यावर जाऊ नका. लोहचुंबकाने या तिन्ही जातींतला फरक कळत नाही. बोल्टाच्या माथ्यावरचे अक्षर वाचा. ३१६ च्या तोडीच्या बोल्टावर 'ए४-७०' किंवा 'ए४-८०' असे कोरलेले असते, 'ए२' म्हणजे ३०४ च्या जातीचा. बिलावर जात लिहून घ्या. असा बोल्ट साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, हे खरे. पण सगळ्या मचाणाच्या खर्चात बोल्टांचा वाटा लहान असतो आणि मचाण उभे राहते ते त्यांच्यावरच.

नवे बांधताना

शक्य असेल तर मचाण घराच्या भिंतीला टांगू नका. त्याला स्वतःचे चारही बाजूंनी पाय द्या. म्हणजे भिंतीत लपलेल्या बोल्टावर कोणाचा जीव अवलंबून राहत नाही. खांब जमिनीत गाडू नयेत. सिमेंटचा ओटा जमिनीपासून वीतभर वर घेऊन त्यावर खांब बसवावा. ओल आणि वाळवी दोन्हींपासून बचाव होतो. खांबांना तिरके आडवे आधार द्यावेत, नाहीतर पाहुण्यांची मुले नाचली की मचाण डुलू लागते. फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवावी, पाणी निथळून वारा खेळतो. तुळईचे व खांबाचे माप गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, एकदा इंजिनियरकडून काढून घ्या.

सिमेंट काँक्रीटचा सज्जा असेल तर समुद्राची किंवा खाडीची वाळू अजिबात वापरू नये. त्यातले मीठ सळईपाशी जाऊन बसते. किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन आणि कमीत कमी एम-३० प्रतीचे काँक्रीट असावे, असे भारतीय मानक सांगते. तुषार थेट उडत असतील तेथे आच्छादन ५० मिलिमीटर आणि प्रत एम-३५. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुप्पट आणि त्याहूनही अधिक जागा घेतो, म्हणून आतून काँक्रीट फुटते. सज्जाच्या खाली सळईच्या रेषेत तडा आणि तांबूस डाग दिसला, तर वरून गिलावा मारून तो झाकू नका. माणसांची ये-जा थांबवा आणि जाणकार बोलवा.

आणखी एक सवय मोडा. मचाणाखाली खताची पोती रचू नका. म्युरेट ऑफ पोटॅश हेही क्लोराइडच, मिठाचे भावंड. माडाला घालायचे मीठ, सुकी मासळी, ओली जाळी यांनाही तेथे जागा देऊ नका.

वर्षातून दोनदा तपासणी

पहिली तपासणी दिवाळीपूर्वी, दुसरी मे महिन्यात पावसाच्या आधी. दोन तासांचे काम आहे.

१. वर कोणी नसताना विजेरी घेऊन मचाणाखाली जा. तांबूस ओघळ, फुगलेला रंग, सुटलेले पापुद्रे, सांध्यात पडलेली फट पाहा.

२. प्रत्येक बोल्टावर हातोडीने हलके ठोका. घट्ट बोल्ट खणखणतो, पोकळ झालेला बद्द वाजतो. पान्हा लावून पाहा.

३. लाकडात, विशेषतः बोल्टाभोवती आणि खांबाच्या बुडाशी, पेचकसाचे टोक दाबा. सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे.

४. दर वर्षी निदान दोन बोल्ट पूर्ण काढून मधला दांडा पाहा. माथा बघून काही कळत नाही. बोल्ट काढण्याआधी तुळईखाली भक्कम टेकू लावा आणि एका वेळी एकच काढा. दांडा झिजलेला आढळला तर तो एकटाच बदलून थांबू नका, त्या ओळीतले सगळे बदला.

५. कठडा दोन्ही हातांनी धरून जोराने हलवा. लहान मूल त्याला रेलणार आहे, असे समजून हलवा.

६. पाऊस नसलेल्या आठ महिन्यांत महिन्यातून एकदा मचाणाची खालची बाजू, सांधे आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुवा. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात. पाणी चाखून पाहा, खारे लागले तर धुण्याचा उपयोग नाही.

७. रंग द्यायचा तर आधी गंज तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत काढा, गोड्या पाण्याने धुवा, पुरते वाळू द्या, मग प्रायमर आणि त्यावर रंग. जे झिजून गेले, ते मात्र रंगाने परत येत नाही.

काय पाहिले, काय बदलले, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. फवारणीची नोंद ठेवता तशीच ही.

आता त्या बागायतदारांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच दुपारी आम्ही तुळईखाली पोफळीचे चार सोट टेकू म्हणून लावले आणि जिन्याला आडवा बांबू बांधून वर जाणे बंद केले. त्या हंगामात तीन खोल्यांचे पाहुणे "समुद्र दिसत नाही" म्हणून परत गेले. वहिनींना ते पैसे बुडाल्याचे वाईट वाटले, पण त्यांनी बांबू काढू दिला नाही. गणपती झाल्यावर जुने मचाण उतरवले. सहापैकी चार बोल्ट हाताने मोडण्याजोगे निघाले. नवे मचाण दसऱ्याला पुरे झाले. ते घराला न टेकता स्वतःच्या पायांवर उभे आहे. जिन्याशी पाटी लावली आहे: "एका वेळी दहा माणसे."

त्या जुन्या बोल्टांपैकी एक मी मागून आणला. आता गावोगावच्या सभांना तो खिशात असतो. औषधांची आणि खतांची माहिती सांगून झाली की तो पुढच्या रांगेत फिरवतो. एका बाजूने हिरवा रंग लावलेला माथा, दुसऱ्या बाजूने काडी. बोलावे लागत नाही.

तेव्हा दिवाळीचा कंदील टांगायला मचाणावर चढण्यापूर्वी, एकदा त्याच्या खाली जाऊन या. पान्हा बरोबर न्या.

सर्वांना रामराम.